माग आहे तोवर

रविवारी सकाळी मेघाने विजेचं बिल खाली पाठवलं नाही, तेव्हाच चंद्रकलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दर महिन्याला बिलं वाटणारा दारावरची नावं वाचून बिलं टाकून जायचा आणि त्याची पाठ वळली की अख्ख्या विणकर सहनिवासात जिन्यावर वरखाली सुरू व्हायचं. तळमजल्यावरचा दोन नंबर कागदोपत्री ताराचंद धकात्यांचा, पण ताराचंदचं कुटुंब राही तिसऱ्या मजल्यावर, चौदा नंबरात. चौदा नंबर थोरल्या रुपरावांचा, आणि रुपरावांचं बिऱ्हाड खाली दोनात. म्हणजे खालचं बिल वर पडायचं, वरचं खाली. दोघे भाऊ कधीच गेले, तरी बिलं त्यांच्याच नावाने येत होती आणि दोघी जावा ती एकमेकींना पोचवत होत्या. त्या निमित्ताने चार शब्द बोलणं होई, कधी वाटीभर भाजीही वर जाई.

आज मात्र मेघाने बिल फ्रिजवर ठेवून त्यावर चक्क लोहचुंबक चिकटवला. "राहू द्या आई. आज पाच वाजता सगळ्याचाच निकाल लागून राहिला. कोनाचं बिल कोनी भरायचं, तेही ठरनच ना."

सुनेचं म्हणणं खोटं नव्हतं. बिल्डरचा माणूस पाचला येणार होता.

हा घोळ झाला कसा, ते सांगायचं तर सहनिवासाची जन्मकथाच सांगावी लागेल, आणि ती आठवली की चंद्रकलाबाईंना हसावं की रडावं ते अजून कळत नसे. तांडापेठेतल्या विणकरांनी सोसायटी काढली. मानकापूरच्या पुढे, कोराडी रोडला लागून शेत घेतलं. तेव्हा तिथे तुरी उभ्या होत्या आणि कोळशाचे ट्रक गेले की शेंगा काळ्या व्हायच्या. गल्लीबोळातून मोकळ्या हवेत जायचं, पक्क्या घरात राहायचं आणि मागही तिथेच चालवायचा, असा बेत होता. दोन बिल्डिंगी ठरल्या, त्यांची नावंही ठरली, ताना आणि बाना. नावं ठेवण्यात कोणी कमी पडलं नाही.

इंजिनीअर नकाशा घेऊन तांडापेठेत आला, तेव्हा म्हाताऱ्यांनी त्याला भंडावून सोडलं. नळ कुठे, संडास कुठे, देवघर कोणत्या दिशेला, सगळं विचारलं. एकच गोष्ट कोणी विचारली नाही. माग खड्ड्याचा असतो. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. तिसऱ्या मजल्यावर खड्डा कसा खणायचा, हे एकाही विणकराच्या डोक्यात आलं नाही. जन्मभर जमिनीवर राहिलेली माणसं. प्रत्येकाने नकाशातलं आपलं घर जमिनीवरच पाहिलं. स्लॅब पडल्यावर रुपराव वर जाऊन उभे राहिले, पायाने टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "अरे बाप्पा! आता पाय काय खालच्याच्या डोक्यावर सोडायचे?"

मग जो तो तळमजल्यासाठी देव पाण्यात घालून बसला. घरं सोडतीने वाटली. देवही कधीकधी थट्टा करतो. ज्याने माग सोडून कळमेश्वरच्या कारखान्यात नोकरी धरली होती, त्या ताराचंदला रस्त्याकडचा तळमजला लागला, आणि ज्याचं पोट मागावर, त्या रुपरावांना तिसरा मजला. ताराचंद तिथल्या तिथे, भर मांडवात म्हणाला, "दादा, तू खाली राह्य. मी वर जातो. माग आहे तोवर." लोकांनी त्याची पाठ थोपटली. भाऊ असावा तर असा! मग काय, धकात्यांचं पाहून आणखी दहा-बारा घरांनी तशीच अदलाबदल केली. कागद बदलायला पैसे लागतात आणि शब्दाला काही लागत नाही, म्हणून कोणी कागदाला हात लावला नाही.

बायकांना विचारायचं तर कोणाच्या मनातही आलं नव्हतं. सोडतीत दोन नंबर लागला एवढंच चंद्रकलाबाईंच्या कानावर आलं, अदलाबदलीचं कळलं ते आठवड्याने. तोवर त्या दोनदा येऊन दोन नंबरची खोली पाहून गेल्या होत्या, चूल कुठे आणि तुळस कुठे ते मनाशी ठरवून गेल्या होत्या. पंकजला कडेवर घेऊन तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढताना त्यांना फार रडू आलं होतं, ते त्यांनी पदराने पुसलं.

आणि आता त्या बिल्डिंगी पाडायच्या ठरल्या होत्या. भिंती ओलीने पोखरल्या होत्या. जागेवर मोठा टॉवर येणार होता. सगळ्यांना नवी घरं मिळणार होती, पण ताना बिल्डिंगच्या रस्त्याकडच्या तळमजल्याला, म्हणजे दोन नंबरालाही, घराबरोबर एक दुकानही मिळणार होतं. बिल्डरने साफ सांगितलं होतं, तुमचं घरचं भांडण घरात मिटवा, मगच मी सही घेईन. सगळा सहनिवास धकात्यांकडे डोळे लावून बसला होता. त्यांनी सुरुवात केली होती, आता त्यांनीच शेवट कसा करायचा तो दाखवावा.

"आई, तुम्ही फक्त खरं सांगा," मेघा म्हणाली. ती मशीनवर ब्लाऊज शिवता शिवता बोलत होती. "बाबा काय म्हणाले होते? माग हाय तोवर. मग माग कधी गेला?"

"झाले आता वीसेक वर्षं."

"मग वीस वर्षांपासून ते घर आपलं नाही का?"

पंकज खिडकीत उभा होता. कळमेश्वरचा कारखाना बंद पडल्यापासून तो कधी कोणाच्या गोदामात, कधी कोणाची गाडी चालव, असं करत होता. त्याने आईकडे पाहिलं नाही. "मले खालच्या अनंतशी भांडायचं नाही, आई. पण मेघाजवळ शिवायले येनाऱ्या बायका तीन मजले चढत नाहीत. अर्ध्यातून परत जातात. ते दुकान भेटलं तर..." तो थांबला. "तू सांगशीन तसं करू. पन तू सांग."

 चंद्रकलाबाईंचा गोंधळ पोरांना वाटत होता त्याहून मोठा होता. त्यांच्याजवळ एक गोष्ट होती, जी त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, कारण तिचा अर्थ काय ते त्यांना स्वतःलाच आजवर लागला नव्हता.

माग उतरवला त्या दिवशी दुपारी रुपराव वर आले होते. उन्हाळ्याचे दिवस. ताराचंदला सुट्टी होती. रुपराव गादीवर न बसता खाली जमिनीवर बसले. चंद्रकलाबाईंनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्या राहिल्या. रुपराव त्यांचे भासरे, म्हणजे थोरले दीर. लग्न होऊन आल्यापासून भासऱ्यांसमोर त्या पदर घेतल्याशिवाय गेल्या नव्हत्या आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या. धकात्यांच्या घरची रीतच ती.

"ताराचंद, आज माग उतरवला," रुपराव म्हणाले.

"हो का, दादा."

"खड्ड्यावर फळ्या टाकून देल्या."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. ताराचंदने दाराकडे पाहिलं. चंद्रकलाबाईंना त्याचे डोळे दिसले. तो काहीतरी विचारत होता, हे त्यांना कळत होतं. पण भासरे समोर बसलेले, बोलायचं कसं? त्या तशाच उभ्या राहिल्या. मग ताराचंद म्हणाला, "बरं केलं, दादा." रुपराव आणखी थोडा वेळ बसले आणि उठून गेले. त्यावर दोघा भावांत पुन्हा चकार शब्द निघाला नाही.

घर परत द्यायला आले होते का? मग ताराचंदने घेतलं का नाही? भीड पडली, की देऊनच टाकलं? भीड भिकेची बहीण म्हणतात. पण मायाही असते ना माणसाला! नवरा गेला, तोवर त्यांनी त्याला हे विचारलं नाही, आणि आता कोणाला विचारणार?

चार वाजता सगळे खाली, दोन नंबरात जमले. रुपरावांच्या खड्ड्यावर अजून त्याच फळ्या होत्या, त्यांवर दिवाण. थोरल्या जाऊबाई मनकर्णाबाई दिवाणावर बसल्या होत्या, गुडघ्याला तेल लावलेलं, डोक्यावर पदर. त्यांचा मुलगा अनंत भिंतीला टेकून उभा होता. सीताबर्डीच्या एका कापडदुकानात तो पंधरा वर्षं गादीवर साड्या उलगडून दाखवत होता. विणकराचा पोरगा, दुसऱ्याच्या दुकानात सुरतेचा माल विकत होता, आणि हे दुःख तो मनातल्या मनातच ठेवी.

"बस ना गा, पंकज," अनंत म्हणाला. "उभा काहून राहिला? भांडायले उभंच राहावं लागते का?"

"मी भांडायले नाही आलो."

"मंग पाहुणा आला काय?"

"अनंत!" मनकर्णाबाई ओरडल्या.

"माय, मी लहानाचा मोठा इथी झालो. या भिंतीले पावसाळ्यात ओल आली की रात्री कोन उठून बोचके सरकवते? मी. मागच्या मोरीत पानी भरते तं कोन उपसते? मी. आता दुकान भेटून राहिलं तं सगळ्यायले कागद आठवला."

मेघाच्याने राहवलं नाही. "दादा, कागद आम्ही नाही लिहिला. अन् तुमचं घरही काही जात नाही. वरचं तुमचंच हाय, नवीन घर तुम्हालेही भेटनच."

"दुकान?"

मेघाने पंकजकडे पाहिलं. पंकज म्हणाला, "बाबांनी म्हटलं होतं, माग हाय तोवर."

"अन् माग गेल्यावर काकांनी मागितलं का घर? एकदा तरी? नाही मागितलं! म्हणजे देलं त्यायनं. मोठ्या मनाचा माणूस होता. त्याच्या मनाची तरी लाज ठेवा."

ताराचंदचं कौतुक ऐकून चंद्रकलाबाईंना बरं वाटलं, आणि त्याच वेळी पंकजचं उतरलेलं तोंडही त्यांना पाहवेना. अनंत लहानपणी ताप आला की वर त्यांच्याच कुशीत येऊन झोपायचा. कोणाला नाही म्हणायचं? कोणता शब्द खरा, तेच कळत नव्हतं.

"काकू, तू सांग," अनंत म्हणाला. "तू तिथीच होती ना सगळ्या वेळी. काकांनी घर देलं होतं का नाही?"

"हो आई, सांग," पंकज म्हणाला.

सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. या घराच्या भानगडीत आजवर कोणी त्यांचं मत विचारलं नव्हतं, आणि आज विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. होतं ते सगळं मग त्यांनी सांगून टाकलं. भासरे जमिनीवर बसले ते, फळ्यांचं बोलणं, ताराचंदचं दाराकडे पाहणं आणि आपण पदर धरून उभ्या राहिलो ते.

"पाहा!" अनंत म्हणाला. "बाबा द्यायले गेले होते अन् काकांनी घेतलं नाही."

"पाहा!" पंकजही म्हणाला. "मोठेबाबा स्वतः द्यायले आले, म्हणजे त्यायलेही मालूम होतं घर कोनाचं ते."

एकाच गोष्टीच्या दोन टोकांना धरून दोघे भाऊ ओढत होते. चंद्रकलाबाईंना वाटलं, उगाच सांगितलं.

 मनकर्णाबाई मात्र फळ्यांकडे पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी भांडे बांधले होते वं."

"काय?"

"त्या दिवशी. हे मले म्हणाले, सामान बांध, आज घर सोडावं लागन, मी सांगून येतो. मी सगळे भांडे पोत्यात भरले. पाटा-वरोटा दाराशी आनून ठेवला. हे वरतून आले, म्हणे, त्यायनं काही म्हटलं नाही. म्हटलं, मंग? तं म्हणे, पाहू, बोलावतीन." त्यांनी पदर सावरला. "दिवाळीपर्यंत भांडे बांधूनच होते माहे. तीन भांड्यावर सैपाक केला. पुढं सोडले, पन जीव काही सुटला नाही. या भिंतीले मी खिळा नाही ठोकला कधी. म्हटलं, दुसऱ्याचं घर हाय. आज ना उद्या बोलावतीन."

 चंद्रकलाबाईंनी भिंतींकडे पाहिलं. खरंच, एक देवाचा फोटोसुद्धा टांगलेला नव्हता. सगळे फोटो पेटीवर उभे करून ठेवलेले. इतकी वर्षं त्या इथे येत होत्या आणि हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. आणि वर? वर त्यांनी तरी काय केलं होतं! ओटा बसवून घ्या म्हणून पंकज मागे लागला, तर म्हणाल्या होत्या, राहू दे, उगाच कशाला. खालून कधी बोलावणं येईल म्हणून की काय, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"एक विचारू का वं, चंद्रकला?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुह्या नवऱ्यानं तुयाकडे पाहिलं. भासरे नसते समोर, तं तू काय म्हटली असती?"

सगळा गुंता त्या एका प्रश्नात येऊन थांबला होता. खोटं बोलावं का? 'राहू द्या त्यायले' म्हटलं असतं, असं सांगितलं की संपलं, लोक पाया पडतील, अनंतला दुकान मिळेल. पण जाऊबाईंनी खिळ्याचं सांगितल्यावर खोटं बोलायला जीभ वळेना.

"चप्पल घालायलेही थांबली नसती मी," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "तशीच खाली आली असती. मले हेच घर पाहिजे होतं, जाऊबाई. पहिल्या दिवसापासून."

मेघाने डोळे पुसले. अनंत जमिनीकडे पाहत राहिला.

दारावर थाप पडली. बिल्डरचा माणूस आला होता, हातात पाकीट, पायात चकचकीत बूट. तो उंबऱ्यातच थांबला. "झालं का तुमचं? दोन नंबरची सही कोन करनार?"

 मग मनकर्णाबाई म्हणाल्या, "हे करन. चंद्रकला ताराचंद धकाते. चौदा नंबरची मी करतो."

"माय, काय करून राहिली तू?" अनंत पुढे झाला.

"तुह्या बापानं ज्या शब्दावर घर घेतलं, तो शब्द संपला. मधात कोनी बोललं नाही म्हणून घर आपलं होते का?"  त्यांनी पेन घेतला, दाखवलं तिथे नाव लिहिलं आणि पेन जावेपुढे धरला. "घे. आता तरी कोनाच्या बोलावन्याची वाट पाहू नको."

"जाऊबाई, मी तसं नव्हतं म्हटलं. मले पाहिजे होतं, असं म्हटलं. आता..." आता काय, ते चंद्रकलाबाईंना पुढे सुचेना. आता नको आहे? हवं आहे? पंकज त्यांच्याकडे पाहत होता. मेघा पाहत होती. त्यांनी सही केली. अक्षर वाकडं आलं, ते तसंच राहिलं.

माणूस कागद घेऊन गेला. बाहेर जिन्यात शेजारपाजारची कुजबुज लगेच सुरू झाली. अनंतने चपला घातल्या आणि कोणाकडे न पाहता निघून गेला. पंकज त्याच्यामागे दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दाराशी गेला. शेवटी तो मनकर्णाबाईंपुढे येऊन बसला. "मोठीमाय, तुम्ही कुठी जाऊ नका. इथीच राहा. बिल्डिंग पडे तोवर."

मनकर्णाबाई हसल्या. खरोखरीच हसल्या. "नाही बाप्पा. आता आनखी एक तोवर नको मले."

हसू ओसरल्यावर काय करायचं ते कोणाला कळेना. चार वाजल्यापासून कोणी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मनकर्णाबाई सवयीने उठू लागल्या, गुडघ्यावर हात ठेवला, आणि मग पुन्हा खाली बसल्या. दिवाणाच्या अगदी कडेला, अंग चोरून.

"च्या ठेव वं, चंद्रकला," त्या म्हणाल्या.

चंद्रकलाबाई आत गेल्या. याच स्वयंपाकघरात एके काळी त्यांनी मनाने चूल मांडली होती. त्यांनी गॅसवर भांडं चढवलं, पाणी ओतलं. चहाची पत्ती समोरच होती. साखर दिसेना. त्यांनी फळीवरचा एक डबा उघडला, त्यात तुरीची डाळ. दुसऱ्यात पोहे. तिसऱ्याचं झाकण निघता निघेना. पाणी उकळायला लागलं.

"जाऊबाई," त्यांनी हाक मारली, "साखर कुठी हाय वं?"

 बाहेरून मनकर्णाबाईंचा आवाज आला. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता, पाहुण्या बाईने बोलावं तसा तो हलका आवाज होता.

"पाहून घे ना, बाई. मी कशी सांगू? तुयं घर हाय."